सफोकमधलं विटांचं जुनं फार्महाऊस: खरं वय कसं ओळखावं, आणि सिमेंटच्या दरजांचं काय करावं?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खडूची रेघ

इंग्लंडमध्ये सफोकच्या उत्तरेला, वेव्हनी नदीच्या खोऱ्यात एक विटांचं फार्महाऊस आहे, संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत ग्रेड दोनचं. यादीतली नोंद दोन ओळींची आहे: अठरावं शतक, लाल वीट, कौलारू छप्पर. प्रत्यक्ष घर पाहिलं की या नोंदीवर विश्वास बसत नाही. घेतलेली मापं देतो.

पुढची भिंत दक्षिणेकडे, फ्लेमिश बाँडची (बाँड म्हणजे विटा रचण्याची पद्धत). चार थरांची उंची सांध्यांसकट ११¼ इंच. सॅश, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या. दार मधोमध नाही, थोडं डावीकडे सरकलेलं आहे आणि त्याच्या बरोबर वर, आढ्यावर, चार नळ्यांचं मोठं धुराडं. वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या विटांनी बंद.

पूर्वेची त्रिकोणी भिंत इंग्लिश बाँडची. चार थर १०¼ इंच. उतरत्या कडेला विटांच्या तिरप्या पाचरी आहेत, सरळ थरांमध्ये घुसवल्यासारख्या.

मागच्या बाजूला गिलावा. छप्पर तिकडे तळमजल्याच्या छतापर्यंत खाली उतरतं.

आता दुखणं. पुढच्या भिंतीत जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटरपर्यंत विटांची तोंडं पापुद्र्यांसारखी सुटतात. सांधे सिमेंटचे आहेत, ते मात्र शाबूत, विटांच्या पुढे आलेल्या जाळीसारखे. आतल्या गिलाव्याला त्याच उंचीपर्यंत लोणा. एका ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात असं आहे: भिंतीत रसायनाची इंजेक्शनं, खराब विटा काढून नव्या, १:४ सिमेंटने पुन्हा दरजा, वरून सिलिकॉनचा हात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घराचं वय कशावरून ठरवायचं? आणि हे अंदाजपत्रक मान्य करावं का?

ओळंबा

वयाचं सांगतो. या घरात पुढची भिंत सगळ्यात शेवटी वाचायची. सुरुवात धुराड्यापासून.

दाराच्या बरोबर वर धुराडं, म्हणजे लॉबी-एंट्री आराखडा. दार उघडलं की चार-पाच फुटांची चिमुकली लॉबी आणि नाकासमोर धुराड्याची विटांची बाजू. एका हाताला हॉल, म्हणजे राहण्या-रांधण्याची मुख्य खोली. दुसऱ्या हाताला पार्लर. एकाच धुराड्यात दोन चुली पाठीला पाठ लावून, वरच्या मजल्यावर आणखी दोन शेगड्या, म्हणून वर चार नळ्या. जिना बहुतेक धुराड्याच्या मागच्या किंवा पुढच्या कोनाड्यात वळत वर जातो. पूर्व इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या शेवटापर्यंत शेतकऱ्यांची घरं सर्रास अशी बांधली जात. १७५० साली कोऱ्या जागेवर घर बांधणाऱ्याने जिना मधे घेतला असता आणि धुराडी दोन्ही टोकांच्या भिंतींना लावली असती. तेव्हा नोंदीतलं अठरावं शतक हे फार तर दर्शनी भिंतीचं वय आहे.

मग माळ्यावर जा. हॉलवरचे वासे नीट पाहा. काजळी सगळ्या वाशांवर, पार आढ्यापर्यंत, एकसारखी असेल आणि एखाद्या जुन्या आडभिंतीपाशी रेघ मारल्यासारखी थांबत असेल, तर मूळ घरात धुराडं नव्हतंच. जमिनीवर उघडी चूल, धूर छपरातून बाहेर. अशी घरं साधारण सोळाव्या शतकाच्या मध्याच्या आधीची, आणि धुराडं नंतर आत घुसवलेलं. काजळी फक्त धुराड्याभोवती डागासारखी असेल तर ती फुटक्या नळीची. तिच्यावरून काही ठरत नाही. हा फरक विजेरी घेऊन अर्ध्या तासात कळतो आणि शंभर वर्षांचा निकाल देतो.

पूर्वेच्या भिंतीतल्या तिरप्या पाचरी हे फार छान लक्षण. त्याला टंबलिंग म्हणतात; ही पद्धत नेदरलँड्सच्या बाजूने आली. कारण अगदी व्यवहाराचं. सरळ थरांची भिंत छपराच्या उतारावर संपवायची तर प्रत्येक थराची शेवटची वीट तिरकी तोडावी लागते. तोडलेल्या विटेची भाजलेली कातडी गेलेली असते, आतला मऊ भाग उघडा पडतो आणि आडव्या सांध्यांतून पाणी थेट आत शिरतं. त्याऐवजी कडेच्या विटा उताराला काटकोनात बसवल्या की कडेवर पुऱ्या विटांची तोंडं येतात. सफोक-नॉरफोकमध्ये हे काम सतराव्या शतकात आणि अठराव्याच्या सुरुवातीला भरपूर झालं.

आता बाँड. इंग्लिश बाँडमध्ये एक थर हेडरचा (विटेचं आखूड तोंड बाहेर), एक स्ट्रेचरचा (लांब बाजू बाहेर). फ्लेमिशमध्ये एकाच थरात हेडर-स्ट्रेचर आलटून पालटून. फ्लेमिशचं इंग्लंडमधलं सुरुवातीचं, साल पक्कं माहीत असलेलं नेहमीचं उदाहरण म्हणजे लंडनजवळचा क्यू पॅलेस, १६३१. खेड्यापाड्यांत तो रुळायला आणखी बराच काळ गेला. पुढे शेतकऱ्यांच्या घरांत समोर फ्लेमिश आणि बाजूला-मागे इंग्लिश किंवा कसाही, असं एकाच वेळी बांधलेलं सापडतं. त्यामुळे दोन भिंतींचा बाँड वेगळा म्हणून काळ वेगळा, असं म्हणता येत नाही. तुमच्या मापांत मात्र चार थरांमागे पूर्ण एक इंचाचा फरक आहे. एकाच वेळी, एकाच भट्टीतून विटा आणल्या असत्या तर एवढा फरक पडला नसता. पूर्वेची भिंत आधीची, दक्षिणेची नंतरची.

विटेच्या मापाबद्दल एक सावधगिरी. १५७१ च्या सनदेत वीट ९ इंच लांब आणि २¼ इंच जाड ठरली होती, पण हाताने पाडलेली वीट वाळताना आणि भाजताना आकसते, आणि किती आकसेल ते मातीवर असतं. एका विटेवर टेप लावून साल सांगणारा माणूस चुकतोच. निदान दहा विटांची सरासरी घ्या, चार थरांची उंची तीन ठिकाणी मोजा. ढोबळ अंदाज असा: दहा-साडेदहा इंच म्हणजे सोळावं-सतरावं शतक, अकरा ते बारा म्हणजे अठरावं, त्याच्या वर गेलं की एकोणिसावं.

१७८४ मध्ये विटांवर कर बसला, हजारी अडीच शिलिंग. कर नगावर होता, म्हणून काही ठिकाणी विटा जाड झाल्या. १८०३ मध्ये १५० घनइंचांपेक्षा मोठ्या विटेला जवळपास दुप्पट दर लावला. १० × ५ × ३ चा गुणाकार बरोबर १५० येतो, त्या मापापुढे जाण्यात फायदा उरला नाही. कर १८५० ला उठला. तुमच्या समोरच्या भिंतीची वीट बारीक आहे, म्हणून मी तिला १७८४ च्या आधीची धरीन. पण हा आधार कमकुवत आहे. सॅशच्या चौकटी पाहा: खिडकीची वजनं ज्यात असतात ती लाकडी पेटी भिंतीच्या तोंडाला लागून उघडी दिसते का, आणि काचांमधल्या पट्ट्या जाड आहेत का. दोन्हीचं उत्तर होय असेल तर अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. लंडनमध्ये चौकट चार इंच आत घेण्याचा कायदा १७०९ चा, पण तो खेड्यांना लागू नव्हता. म्हणून त्याचं साल इथे लावू नका.

कौलारू

बंद खिडक्यांवर लगेच खिडकी-कराचा शिक्का मारू नका. तो कर १६९६ ते १८५१ पर्यंत होता हे खरं, पण कित्येक बंद खिडक्या पहिल्या दिवसापासून बंदच बांधलेल्या असतात. मागे धुराडं किंवा आडभिंत येते, आणि बाहेरून ओळ मात्र बरोबर दिसायला हवी असते.

ओळखायचं असं. खिडकीच्या उभ्या कडेला डोळा लावून बघा. आतल्या विटांचे थर बाजूच्या भिंतीच्या थरांशी जुळत असतील, अधूनमधून वीट भिंतीत गुंतलेली असेल, तर ती मूळचीच अंध खिडकी. कडेला वरपासून खालपर्यंत सलग उभी चीर असेल, वीट आणि चुना वेगळा असेल, आत लाकडी चौकट दडलेली असेल, तर नंतर बुजवलेली.

मागचं उतरतं छप्पर बहुधा दूधघराचं आहे, ते उत्तरेला ठेवत. तिथे दारावर दूधघर किंवा चीजची खोली असं इंग्रजीत कोरलेलं किंवा रंगवलेलं सापडलं तर ते जपा. अशा खोलीच्या खिडकीला करातून सूट मिळे, म्हणून ती अक्षरं लिहीत. रंग खरवडताना नेमकी हीच जातात.

चुनकळी

अंदाजपत्रक परत पाठवा. त्यातल्या चारही कलमांनी भिंतीचं नुकसान होईल, आणि तोंड गेलेली वीट पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

ही भिंत जुन्या पद्धतीने काम करते. पाणी आत येतं आणि सुकून बाहेर जातं. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून ओल सांध्यावाटे निघते, क्षारही तिथेच बसतात, बर्फ धरून फुटायचं तर सांधा फुटतो. झिजण्याचं काम सांध्याचं आहे. काही पिढ्यांनी तो पुन्हा भरायचा असतो. सिमेंटने सांधा बंद केला की पाण्याला वाट उरते ती फक्त विटेच्या तोंडातून. क्षार विटेच्या कातडीमागे स्फटिक होऊन फुगतात, हिवाळ्यात ओल्या विटेत बर्फ धरतं आणि तोंड पापुद्र्याने सुटतं. तुम्ही लिहिलेलं चित्र, खाल्लेल्या विटा आणि पुढे उभी राहिलेली सिमेंटची जाळी, हेच आहे. दुखणं सिमेंटने आणलं आणि अंदाजपत्रकात पुन्हा सिमेंटच आहे.

सिलिकॉनने हेच वाढतं. चिरांतून पाणी आत येतच राहतं, बाहेर मात्र फक्त वाफ जाऊ शकते, क्षार लेपाच्या मागे साठतात. इंजेक्शनासाठी दर दहा-बारा सेंटिमीटरला भोक पाडतील. भोकं कायमची राहतील, आणि पोकळ्या असलेल्या जुन्या भिंतीत रसायन सलग थर धरतच नाही. ओल मोजायला सुयांचं मीटर वापरलं असेल तर तो आकडा सोडून द्या, क्षार असले की ते कोरड्या भिंतीतही ओल दाखवतं. भिंतीच्या वेगवेगळ्या खोलीतून भुकटी काढायची, वजन करायची, १०५ अंशांवर वाळवून पुन्हा वजन करायची. त्यातून खरं कळतं.

दरजांना हात लावायच्या आधी पाणी थांबवा.

पन्हळी भर पावसात उभं राहून बघा. गळकी पन्हळ आणि तुंबलेला नळ हेच निम्म्या ओलीचं मूळ असतं.

मग बाहेरची जमीन. दोनशे वर्षांच्या फुलवाफ्यांनी आणि वाटांनी ती चढलेली असते. आतल्या फरशीपेक्षा बाहेरची पातळी निदान १५ सेंटिमीटर खाली हवी. पण कुदळ मारण्याआधी एक छोटा खड्डा घेऊन पाया पाहा. या घरांचा पाया कधी कधी जेमतेम फूट-दीड फूट असतो, चिकणमातीवर विटांच्या दोन-तीन पायऱ्या. पायाच्या खाली खणलंत तर ओलीऐवजी भिंत खचण्याचा प्रश्न उभा राहील. खडीचा नाला काढलात तर त्याला उतार आणि पाणी सोडायला तोंड हवं. चिकणमातीत तोंड नसलेला नाला म्हणजे पायाशी बांधलेलं टाकं.

आत काँक्रीटची फरशी आहे का? असेल तर पूर्वी जमिनीतून वर येऊन फरशीवाटे सुकणारी ओल आता कडेला सरकून भिंतीत चढते. जिप्समचा गिलावा आणि प्लास्टिक रंग असतील तर तेही उतरवून चुन्याचा गिलावा द्यावा लागेल.

सांधे काढायचे ते आधी एक चौरस मीटरच, आडोशाच्या जागी. सिमेंट विटेच्या धारेला घट्ट धरून असेल आणि हातोडीबरोबर धार तुटत असेल तर तिथे थांबा, तसंच राहू द्या. काही वर्षांनी ते आपोआप ढिलं होतं. निघत असेल तर सांध्याच्या मधोमध इंच-इंच अंतरावर ५ मिलिमीटरची भोकं घ्या, म्हणजे आत मोकळीक होते, आणि अरुंद छिन्नीने कडेकडून मधे फोडत या. ग्राइंडर नको. उभ्या सांध्यात त्याचं पातं वरच्या आणि खालच्या विटेत शिरल्याशिवाय राहत नाही, आणि त्या खाचा कायमच्या दिसतात. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, पण २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही. तळाशी कोपरे चौकोनी काढा. गोलसर राहिले तर नवा चुना धरत नाही.

मिश्रण: मऊ लाल विटेला १ भाग कळीचा चुना आणि ३ भाग वाळू, गरम मिसळलेलं. विरताना चुना जवळपास दुप्पट फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे चांगलं भरलेलं मिश्रण होतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच, कळी डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. तयार पोत्याचा चुना घ्यायचा तर एनएचएल २ (एनएचएल म्हणजे पाण्यातही आवळणारा नैसर्गिक चुना; आकडा वाढला की कडकपणा वाढतो). एनएचएल ५ या विटेला फार कडक. वाळू कणीदार, सगळ्या आकारांचे कण असलेली, सर्वांत मोठा कण सांध्याच्या रुंदीच्या एक-तृतीयांश. नुसत्या बारीक वाळूने सांधा आकसून कडेला चिरतो. २५ मिलिमीटर खोली आणि १० मिलिमीटर रुंदी धरली तर तुमच्या मापाच्या फ्लेमिश भिंतीला चौरस मीटरमागे सुमारे ५ लिटर लागेल. सांडलवंड धरून ६-७ ठेवा.

भरण्याआधी भिंत आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा तासभर आधी भिजवायची, पण पाणी चमकत असताना भरायचं नाही. मिश्रण घट्ट, हातात गोळा होईल इतकंच ओलं. मागे दाबून भरा, पोकळी ठेवू नका. विटेच्या तोंडाशी सपाट. विटेची धार झिजली असेल तर किंचित आत, कधीही विटेवर पसरवू नका. बोटाने दाबल्यावर खळगा पडणार नाही इतकं आवळलं की राठ केसांच्या ब्रशने ठोका. घासायचं नाही, ठोकायचं. त्याने वरचा चुन्याचा साका जातो, वाळूचे कण उघडे होतात आणि सांधा श्वास घेतो. लगेच ओलं गोणपाट टांगा, भिंतीला न चिकटवता, आणि निदान आठवडाभर रोज ओलं ठेवा. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढूच नका. तिकडे हे एप्रिल ते सप्टेंबरचं काम आहे, उशिरा संपवलेली भिंत पहिल्या हिमाला सुटते.

खराब विटा सगळ्या काढू नका. तोंड दहा-पंधरा मिलिमीटर गेलं असलं तरी वीट घट्ट असेल तर राहू द्या. फारच गेली असेल तर अख्खी सोडवून उलटी बसवून पाहा, मागचं तोंड बरेचदा कोरं निघतं. नवी लागलीच तर हाताने पाडलेली, मापाची. आजची ६५ मिलिमीटर जाडीची ब्रिटिश वीट त्या थरांत बसणार नाही.

घर यादीत आहे, म्हणजे आतला भागही यादीत आला. मोठ्या क्षेत्रावर दरजा बदलायच्या किंवा गिलावा उतरवायचा तर आधी स्थानिक कौन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला विचारा. जिथे परवानगी लागते तिथे ती न घेता केलेलं काम हा त्यांच्याकडे फौजदारी गुन्हा आहे.

खडूची रेघ

तिघांचे आभार. माळ्यावर पाहिलं: हॉलवरच्या सगळ्या वाशांवर एकसारखी काजळी, पश्चिमेच्या आडभिंतीपाशी ती थांबते. बंद खिडक्यांपैकी धुराड्यासमोरची भिंतीत गुंतलेली, दुसरीला उभी चीर.

एक गोष्ट कोड्यात टाकते. खिडकीच्या कडेला मोजली तर पुढची भिंत गिलाव्यासकट जेमतेम ११ इंच भरते, आणि ठोकलं की आतून पोकळ आवाज येतो. दाराच्या उजवीकडे पहिल्या मजल्याच्या पातळीवर ओळंबा सोडला तर भिंत ३० मिलिमीटर बाहेर आलेली. भिंतीवर एस आकाराच्या लोखंडी पट्ट्या दोन ठिकाणी आहेत.

ओळंबा

मग वयाचा प्रश्न सुटला, आणि दुखण्याचा मात्र नव्याने मांडावा लागेल. हे विटांचं घर नाही. हे ओकच्या सांगाड्याचं घर आहे, त्याला अठराव्या शतकात अर्ध्या विटेची कातडी चढवली. साडेचार इंच वीट, मधे थोडी पोकळी, चार-पाच इंचांचे खांब, आतून गिलावा: अकरा इंच बरोबर जुळतात. काजळी सांगते की सांगाडा सोळाव्या शतकाच्या मध्याआधीचा. धुराडं नंतर घुसवलं, पूर्वेची भिंत विटांची केली, आणि शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखा नवा चेहरा दिला.

साडेचार इंचांच्या भिंतीत फ्लेमिश बाँड येतो कुठून? त्यातले हेडर तोडलेले असतात. अर्धी वीट तोंडापुरती बसवायची, बाहेरून बाँड दिसतो, आत काहीही गुंतलेलं नसतं. कातडी सांगाड्याला अधूनमधून लोखंडी खिळ्यांनी किंवा पट्ट्यांनी धरलेली असते. ओकमधल्या आम्लांनी लोखंड खाल्लं जातं, पकड सुटते आणि भिंत मजल्याच्या पातळीवर पोट काढते. एसच्या पट्ट्या कोणीतरी आधीच केलेला उपाय. त्यांच्या मागचा गज अजून ताणलेला आहे का, तेवढं वरची एखादी फळी उचलून पाहा.

भिंत उघडण्याआधी खात्री करा. सांध्यातून ८ मिलिमीटरचं भोक घेऊन एंडोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत सरकवा, पोकळी आणि खांब दोन्ही दिसतील. चीर असेल तर तिच्या कडा पाहा: काळवंडलेल्या, शेवाळलेल्या असतील तर हालचाल जुनी, कोऱ्या, लालभडक असतील तर चालू. खुणा चिकटवून वर्षभर मोजा. चिकणमातीवरची घरं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात थोडी हलतातच.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात विटा सुटताहेत, त्याच्या मागे, विटांच्या आड, सांगाड्याची पायपट्टी असते: सगळे खांब ज्यावर उभे असतात ती आडवी ओकची तुळई. ती बाहेरून कुठेच दिसत नाही. सिमेंटने भिंत ओली ठेवली त्या सगळ्या वर्षांत ती तुळई ओल्या विटांना पाठ लावून पडलेली आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजणं सुरू होतं, आणि ओल्या, मऊ झालेल्या ओकला डेथवॉच बीटल या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचे किडे लागतात. विटेचं तोंड गेलं तर एक वीट जाते. ही तुळई गेली तर खांब खचतात.

म्हणून दरजांच्या आधी हे बघा. आतून फरशीजवळ गिलाव्यात दोन-तीन ठिकाणी छोटी खिडकी काढा आणि टोच्या दाबा. निरोगी जुन्या ओकमध्ये तो एक-दोन मिलिमीटरवर अडतो. सहज दोन सेंटिमीटर गेला तर संवर्धनाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दुरुस्ती तुकड्यातुकड्याने होते, वरचा भार टेकू देऊन, कुजलेला भाग कापून तिथे नवा ओक सांध्याने जोडतात. सगळी तुळई एकदम काढायची नसते.

कातडी बांधायला स्टेनलेस स्टीलचे पिळाचे टाय, सांध्यांतून खांबांत ठोकायचे, दोन टायमध्ये उभं अंतर ४५० मिलिमीटर. आडवं अंतर तुमच्या खांबांवर ठरेल. साधं लोखंड मुळीच नको, आधीचं तेच गेलं आहे. फुगलेली भिंत परत ढकलून सरळ करायला जाऊ नका. आहे तिथेच धरून ठेवायची.

पोकळीत फोम भरून उबदार करू असं कोणी सुचवेल. नको. ओकला सुकायला मिळणारी शेवटची हवा त्याने जाते.

मांडणी

रत्नागिरीहून वाचते आहे. दोन शंका. आपल्याकडे चुन्यात सुरखी घालतात, तशी तिथे चालते का? आणि पोकळ आवाज म्हणजे रॅट-ट्रॅप बाँड, आत पोकळी ठेवणारी विटांची रचना, असू शकतो का?

चुनकळी

सुरखी चालते, ताई, तत्त्व अगदी तेच. कमी भाजलेल्या विटेची भुकटी साध्या चुन्याला पाण्यातही आवळण्याची ताकद देते. कारखान्याच्या खूप भाजलेल्या विटेच्या भुकटीत तो गुण उरत नाही, ती नुसती लाल वाळू. धुराड्याच्या माथ्याला, खिडकीच्या खालच्या कडेला, अशा झोडपल्या जाणाऱ्या जागी थोडी घाला. बाकी भिंतीला गरज नाही. आणखी एक ओळखीची गोष्ट: तिकडेही धुराड्याच्या नळीला आतून चुना, वाळू आणि गाईच्या शेणाचा गिलावा करत. शेणातल्या तंतूंमुळे तो उष्णतेने कमी तडकतो.

रॅट-ट्रॅप इथे नाही. त्यात विटा कडेवर उभ्या बसवतात, म्हणून एकेक थर साडेचार इंचांचा दिसतो. चार थर १९ इंचांच्या आसपास भरतील. इथे सव्वाअकरा आहेत. इंग्लंडमध्ये तो शेतमजुरांच्या घरांत आणि गोठ्यांत दिसतो, कारण विटा सुमारे पाव हिस्सा कमी लागतात. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवला तो हाच.

कौलारू

धुराड्याचं राहिलं, आणि मचाण लागणारच आहे तर तेही त्याच वेळी उरका. चार नळ्यांपैकी वापरात नसलेल्या वरून सिमेंटने बंद केल्या असतील तर त्या उघडा. बंद नळीत ओल धरते, काजळीतले क्षार विरघळतात आणि खोलीत धुराड्याच्या भिंतीवर तपकिरी डाग येतात. कितीही रंग दिला तरी ते वर येतात. माथ्यावर हवा जाईल पण पाऊस येणार नाही अशी टोपी आणि खाली खोलीत जाळी, दोन्ही हवीत. एकच केलं तर हवा फिरत नाही.

माथा एका बाजूला कललेला दिसला तर पावसाच्या बाजूचे सांधे पाहा. धुरातल्या सल्फेटने ओल्या बाजूचा सिमेंटचा सांधा फुगतो आणि धुराडं उलट बाजूला झुकतं. छपरावरच्या विटा क्रमांक टाकून उतरवायच्या आणि चुन्यात पुन्हा चढवायच्या.

कौलं पुढच्या बाजूला सपाट असतील, साडेदहा बाय साडेसहा इंचांची, तर ४ इंचांच्या अंतराला चौरस मीटरमागे ६० लागतात. जुनी उतरवताना ओकची खुंटी गेली म्हणून कौल टाकून देऊ नका. वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर ठेवा. जुनी कौलं सगळी पुढच्या उतारावर एकत्र घ्या आणि नवी मागे बसवा. आणि चुलीवरच्या ओकच्या तुळईला घासायला कोणाला देऊ नका. तिच्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या, थेंबाच्या आकाराच्या जळक्या खुणा असतील, किंवा कंपासने कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल. घराचं रक्षण व्हावं म्हणून मुद्दाम केलेल्या खुणा आहेत त्या, आणि वायरब्रशच्या दोन हातांत नाहीशा होतात.

खडूची रेघ

टोच्या मारला. पूर्वेकडच्या दोन ठिकाणी ओक कडक. दाराच्या उजवीकडे, जिथे भिंतीने पोट काढलं आहे नेमकं तिथे, तीन सेंटिमीटर सहज आत गेला. वरची पन्हळ त्याच जागी जोडावर गळते आहे. ठेकेदाराला नकार कळवला, इंजिनिअरची वेळ घेतली आहे.

ओळंबा

पन्हळीचा जोड आजच बांधा, इंजिनिअर येईपर्यंत थांबू नका. आणि ते येतील तेव्हा त्या जागी आतला गिलावा मीटरभर उघडा ठेवा, म्हणजे खांबाचा खालचा सांधा आणि पायपट्टी दोन्ही एकदम दिसतील.